कंट्रोलरचा करार आणि नकाराची जागा



औंढ्यात, नागनाथाच्या देवळाच्या सावलीत, संगणकाच्या ‘कंट्रोलर’ नावाच्या भागाचा इतिहास सांगणार असं कळल्यावर आमच्या एका जुन्या सहकाऱ्यांनी फोन केला. म्हणाले, “काय हो, तुमचं तर्कशास्त्र संपलं का?” संपलेलं नाही. आम्ही आयुष्यभर वर्गात कर्ता म्हणजे कोण, क्रिया म्हणजे काय, जबाबदारी कुणाची, हेच घोळवत बसलो. हेच प्रश्न संगणकाच्या दुनियेत लोकांनी वेगळ्या शब्दांत सोडवले, काही अर्धवट सोडून दिले, आणि त्या अर्धवट सोडलेल्याचा हिसका आम्हाला बसला. म्हणून हा विषय.

हिसका असा. गेल्या नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा होता. पेन्शनवाल्यांना हे माहीतच आहे. आपण जिवंत आहोत हे वर्षातून एकदा सिद्ध करावं लागतं. आम्ही एका संकेतस्थळावर सगळी माहिती भरली, बटण दाबलं. पडद्यावर आलं, ‘काहीतरी चूक झाली आहे. पुन्हा प्रयत्न करा.’ पुन्हा केला. पुन्हा तेच. तीन दिवस तेच. शेवटी एका सेतू केंद्रात गेलो. तिथे बसणारा मुलगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. त्यानं पडद्याकडं बघितलं आणि म्हणाला, “सर, आत कारण कळलेलं असणार. पण कंट्रोलरनं ते बाहेर द्यायची सोयच कुणी ठेवलेली नाही.”

हे वाक्य आमच्या डोक्यात बसलं. कारण आत माहीत आहे, पण बाहेर द्यायची सोय नाही. हे कुणी ठरवलं? कधी ठरवलं? त्या मुलाकडं आम्ही मग दोन महिने जात राहिलो. त्यानं आम्हाला प्रोग्रॅम वाचायला शिकवलं, आम्ही त्याला थोडा न्याय-वैशेषिक सांगितला. सौदा बरा झाला.

आधी दोन शब्द समजून घेऊ. ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगमध्ये ‘इंटरफेस’ म्हणजे काय? तलाठी सज्जाचं उदाहरण घ्या. तलाठी बदलतो, सज्जा राहतो. या पदावरच्या माणसाकडून कोणकोणती कामं मागता येतात, अर्ज कसा द्यायचा, परत काय मिळेल, हे पदाला जोडलेलं असतं, माणसाला नाही. आज अमुक आहे, उद्या तमुक येईल, गावकऱ्याला अर्ज बदलावा लागत नाही. पदाची ही जी यादी, तो इंटरफेस. आणि त्या पदावर प्रत्यक्ष बसणारा माणूस म्हणजे, त्यांच्या भाषेत, क्लासचा ऑब्जेक्ट. इंटरफेस म्हणजे करार. आत कोण आहे हे बाहेरच्यानं विचारायचं नाही, आणि आतल्यानं ठरलेलं काम नाकारायचं नाही.

आता कंट्रोलर. तुम्ही मोबाइलवर बटण दाबता, तेव्हा मागणी कुठेतरी दूरच्या संगणकावर जाते. तिथे ती कुणीतरी घेतो, काय हवंय ते बघतो, आतल्या खात्याकडून काम करून घेतो आणि कोणतं पान परत पाठवायचं ते ठरवतो. हा जो मधला, तो कंट्रोलर. त्यानं करायचं एकेक काम म्हणजे ‘ॲक्शन’. आणि फ्रेमवर्क म्हणजे तयार इमारत: खिडक्या, दारं, रांगा सगळं आधी बांधलेलं, तुम्ही फक्त आपापला माणूस खिडकीत बसवायचा. त्या माणसाकडून नेमकं काय अपेक्षित आहे हे इमारत बांधणाऱ्याला आधीच ठरवावं लागतं. आजचा इतिहास हा त्या ठरवण्याचा आहे.

सुरुवात जहाजांपासून होते. नॉर्वेचे ट्रिग्वे रीनस्कॉग १९६० च्या दशकात जहाजांच्या आराखड्याचे सॉफ्टवेअर करत होते. १९७८ साली ते वर्षभरासाठी अमेरिकेतल्या झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात गेले. तिथे स्मॉलटॉक नावाची भाषा घडत होती. रीनस्कॉग यांच्या डोळ्यासमोर जहाजबांधणीचे नियोजन होते: हजारो कामे, कोणते आधी, कोणते नंतर, एक लांबले की दहा लांबणार. एवढा पसारा माणसाला हाताळता आला पाहिजे, हा त्यांचा प्रश्न. १२ मे १९७९ च्या टिपणात त्यांनी चार भाग मांडले: थिंग, मॉडेल, व्ह्यू, एडिटर. वस्तू, वस्तूचे मनातले रूप, डोळ्यांना दिसणारे रूप, आणि हाताने बदल करणारा. पुढे बरीच चर्चा झाली, विशेषतः ॲडेल गोल्डबर्ग यांच्याशी, आणि १० डिसेंबर १९७९ च्या टिपणात शब्द आले ‘मॉडेल्स, व्ह्यूज, कंट्रोलर्स’. एडिटरचे नाव मागे पडून कंट्रोलर पुढे आला. एका वर्षात, दोन-चार पानांच्या टिपणांत. पुढची पंचेचाळीस वर्षे जगाने हाच शब्द चघळला.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. रीनस्कॉग यांचा कंट्रोलर हा माणूस आणि यंत्र यांच्यामधला दुवा होता. कर्ता माणूसच. कंट्रोलर हे त्याचे करण, साधन. आपल्या व्याकरणपरंपरेत पाणिनीपासून कर्ता तो, जो क्रियेत स्वतंत्र असतो. आणि करण ते, जे क्रिया साधायला सर्वांत जास्त उपयोगी पडते. कुऱ्हाडीनं झाड तोडलं तर तोडणारा माणूस, कुऱ्हाड नव्हे. हा भेद पुढे पुसट होत जातो.

स्मॉलटॉक-८० मध्ये या कंट्रोलरचा जो करार लिहिला गेला तो आम्हाला फार गोड वाटला. पडद्यावर अनेक चौकटी, प्रत्येकीचा आपला कंट्रोलर. ताबा कुणाकडे जायचा? वरची व्यवस्था प्रत्येकाला विचारते: इजकंट्रोलवाँटेड? म्हणजे, “बाबा रे, तुला ताबा हवा आहे का?” माऊसचा काटा माझ्या चौकटीत असेल तर मी ‘हो’ म्हणायचं, नसेल तर ‘नाही’. हो म्हटलं की स्टार्टअप. मग सुरुवातीची मांडामांड, मग फेरी चालू, प्रत्येक फेरीला विचारणा, “अजून ताबा आहे ना?” काटा बाहेर गेला की आवरासावर आणि ताबा परत. ग्लेन क्रॅस्नर आणि स्टीफन पोप यांनी १९८८ साली हे सगळं पाककृतीच्या थाटात लिहून काढलं, आणि त्यावरूनच बहुतेक जग हे शिकलं.

या करारात नकाराला पहिलीच जागा आहे. पहिला प्रश्नच असा की ज्याचं उत्तर ‘नाही’ असू शकतं. आणि नाही म्हटलं तरी काही बिघडत नाही, व्यवस्था शेजारच्याला विचारते. भजनात टाळ पुढच्याकडे सरकवावा तसं.

मग वेब आलं आणि चित्र उलटलं. १९९३ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए या केंद्रात कॉमन गेटवे इंटरफेस नावाचा करार निघाला. नावातच इंटरफेस आहे. तो अगदी साधा: मागणी आली की सर्व्हरनं एक प्रोग्रॅम सुरू करायचा, मागणीचे तपशील ठरलेल्या नावांच्या खणांत ठेवायचे, आणि प्रोग्रॅम जे बोलेल ते जसंच्या तसं बाहेर पाठवायचं. प्रत्येक मागणीला नवा प्रोग्रॅम जन्मतो, उत्तर देतो आणि मरतो. दहा माणसं आली तर ठीक, दहा हजार आली की सर्व्हर गुडघे टेकतो. १९९७ च्या सुमारास जावात सर्व्हलेट आले: एकदाच जन्म द्यायचा, मग हजारदा कामाला लावायचा. तीन मुख्य मेथड: इनिट, सर्व्हिस, डिस्ट्रॉय. उत्पत्ती, स्थिती, लय. आमचा सेतूवाला मित्र याला ‘ब्रह्मा-विष्णू-महेश इंटरफेस’ म्हणायचा.

पण “तुला ताबा हवा आहे का” हा प्रश्न गेला. आता कंट्रोलरला कुणी विचारत नाही. मागणी येते आणि करावंच लागतं.

१९९९ च्या अखेरीस गोविंद शेषाद्री यांनी एका लेखात जावाच्या नव्या मांडणीला जुन्या मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलरचे नाव लावले, आणि लोकांना वाटले, अरे, हे तर तेच. ते तेच नव्हते. नाव मात्र चिकटले. पुढच्याच वर्षी क्रेग मॅक्लॅनहन यांनी ‘स्ट्रट्स’ हे फ्रेमवर्क अपाचे संस्थेला दिले आणि जावाच्या जगात घराघरात हा कंट्रोलर पोचला. आमचे जे विद्यार्थी २००० नंतर पुण्याला हिंजवडीत गेले, त्यांतल्या कित्येकांच्या पहिल्या पगाराचं अन्न स्ट्रट्सनं घातलं आहे.

स्ट्रट्सची रचना अशी: सगळ्या मागण्या एकाच दारातून येतात. याला ‘फ्रंट कंट्रोलर’ म्हणतात. दारातला द्वारपाल एक यादी बघतो आणि मागणी योग्य त्या ‘ॲक्शन’कडे पाठवतो. प्रत्येक कामाचा एक क्लास. जतन करणारा वेगळा, शोधणारा वेगळा, पुसणारा वेगळा.

इथे आमच्यासारखा माणूस थबकतो. वैशेषिकांनी पदार्थ मोजताना द्रव्य वेगळं ठेवलं, कर्म वेगळं ठेवलं. कर्म द्रव्यात राहतं. स्वतः द्रव्य नसतं. धावणं घोड्यात असतं, धावणं नावाचा वेगळा प्राणी तबेल्यात बांधता येत नाही. आणि या मंडळींनी नेमकं तेच केलं! १९९४ च्या ‘डिझाइन पॅटर्न्स’ या पुस्तकात ‘कमांड’ नावाची रीत आहे: क्रियेलाच वस्तू करा. मग ती वस्तू ठेवता येते, पाठवता येते, रांगेत लावता येते, नंतर चालवता येते. वैशेषिक सूत्रकार कणाद हे बघून काय म्हणाले असते कोण जाणे. पण कामाला ही युक्ती उत्तम आहे हे मान्य करायला हवं. सरकारी दफ्तरात ‘फेरफार’ हेही असंच झालेलं आहे. बदलणं ही क्रिया, पण फेरफाराला नोंदवही आहे, क्रमांक आहे, तो प्रलंबित राहतो, मंजूर होतो, रद्द होतो. क्रियेची वस्तू आपण संगणकाच्या कितीतरी आधी केली होती.

आता स्ट्रट्सच्या ॲक्शनचा करार बघा, कारण गंमत तिथं आहे. पहिल्या आवृत्तीत, म्हणजे २००१ साली, मेथडचं नाव होतं ‘परफॉर्म’. तिला चार गोष्टी मिळत: कुठून कुठे जायचं याचा नकाशा, भरलेला अर्ज, मूळ मागणी आणि उत्तराचा कागद. परत द्यायचं ते पुढच्या पानाचा पत्ता. आणि जावात आणखी एक कलम असतं: या मेथडमधून कोणकोणत्या प्रकारची अडचण बाहेर फेकली जाऊ शकते. ‘परफॉर्म’मध्ये दोनच प्रकार लिहिले होते. एक, वाचता-लिहिताना आलेली अडचण. दोन, सर्व्हलेटची अडचण. बस्स. म्हणजे तुमच्या ॲक्शनला डेटाबेस सापडला नाही, खातेदार मयत निघाला, नाव जुळलं नाही, तर हे सांगायला करारात शब्दच नाही. प्रोग्रॅमरनं ते गिळायचं किंवा दोनपैकी एका पोत्यात कोंबायचं.

२००३ च्या १.१ आवृत्तीत ‘परफॉर्म’ बाजूला सारून ‘एक्झिक्यूट’ आली. चार गोष्टी त्याच, परत द्यायचं तेच. बदललं फक्त शेवटचं कलम: आता कोणतीही अडचण बाहेर फेका. सगळ्यांना हायसं वाटलं. त्याबरोबर, कोणती अडचण आली तर कोणतं पान दाखवायचं हे वेगळ्या फाइलमध्ये लिहिण्याची सोयही झाली. सोय चांगलीच होती. पण झालं काय, तर ॲक्शन लिहिणारा म्हणाला, मी फेकली, बघेल तो फाइलवाला. फाइल लिहिणाऱ्यानं सगळ्या अडचणींना मिळून एक पान लावलं. आणि त्या एका पानावर काय लिहिलं? ‘काहीतरी चूक झाली आहे.’

न्यायाने बोलायचं तर, अर्जातल्या चुका सांगायची सोय स्ट्रट्समध्ये पहिल्यापासून होती. पिनकोड सहा आकडी नाही, तारीख रिकामी आहे, हे अर्जाच्या क्लासनं तपासायचं आणि नीट शब्दांत परत सांगायचं. म्हणजे नागरिकाची चूक सांगायला जागा होती. कार्यालयाची अडचण सांगायला नव्हती. हे वाचताना आम्हाला जरा हसू आलं. हा अनुभव नवा वाटला नाही.

आणखी एक छोटी खोच. स्ट्रट्सची ॲक्शन इंटरफेस नव्हती, क्लास होती. जावात वडील एकच असू शकतात. एकदा स्ट्रट्सचं आडनाव लावलं की दुसऱ्या घराण्यात जाता येत नाही. शिवाय एकच ॲक्शन सगळ्या माणसांची कामं एकाच वेळी करणार, म्हणून तिनं स्वतःजवळ काही लक्षात ठेवायचं नाही. ठेवलं तर ह्याची माहिती त्याच्या पानावर उमटायची, आणि नवशिक्यांच्या हातून ती उमटायचीही.

२००२ मध्ये रिकार्ड ओबेर्ग यांच्या ‘वेबवर्क’नं हे सगळं सोलून काढलं. ॲक्शन हा इंटरफेस केला, आणि त्यात एकच मेथड: एक्झिक्यूट. आत काही द्यायचं नाही. मागणी नाही, कागद नाही, नकाशा नाही. बाहेर द्यायचा फक्त एक शब्द. आणि प्रत्येक मागणीला नवी ॲक्शन, त्यामुळं तिनं स्वतःजवळ हवं ते ठेवावं. त्या एका शब्दासाठी पुढे पाच नावं रूढ झाली: सक्सेस, एरर, इनपुट, लॉगिन, नन. काम झालं. काम फसलं. आणखी माहिती हवी. आधी ओळख पटवा. मला दाखवायचं काही नाही.

आमच्या मते या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत शहाणा करार. पाचपैकी निम्म्याहून अधिक शब्द ‘झालं’ या उत्तराचे नाहीत. ‘इनपुट’ म्हणजे नकार नव्हे, प्रश्न आहे; तुमचं काम होईल, एवढं सांगा. ‘लॉगिन’ म्हणजे, काम योग्य आहे पण तुम्ही कोण ते कळू द्या. एवढा भेद खिडकीवरच्या माणसानं केला तरी गावकऱ्याचे निम्मे हेलपाटे वाचतात. पुढे २००५ च्या अखेरीस वेबवर्क आणि स्ट्रट्स एकत्र आले आणि २००७ मध्ये स्ट्रट्स-२ म्हणून बाहेर पडले. नाव स्ट्रट्सचं, आतला जीव वेबवर्कचा. पण ‘एरर’ हा शब्द मात्र एकटाच राहिला. का फसलं, ते त्याच्यासोबत जात नाही.

स्प्रिंगबद्दल थोडक्यात. रॉड जॉन्सन यांच्या २००२ च्या पुस्तकातून ते उगवलं, २००४ मध्ये पहिली आवृत्ती आली. त्यांचा कंट्रोलर हाही एका मेथडचा इंटरफेस: मागणी आणि कागद घ्यायचा, माहिती आणि पानाचं नाव असा जोड परत द्यायचा. काहीच परत दिलं नाही तर अर्थ असा की कंट्रोलरनं उत्तर स्वतःच लिहून टाकलं. मौनाचाही अर्थ करारात लिहिलेला, ही बारीक गोष्ट आहे. २००७ च्या अखेरीस २.५ आवृत्तीत मात्र इंटरफेसची सक्तीच गेली. क्लासच्या कपाळावर ‘कंट्रोलर’ असा टिळा लावा, मेथडवर पत्ता लिहा, काय घ्यायचं काय द्यायचं ते तुमचं तुम्ही बघा. फ्रेमवर्क समजून घेईल.

तीन वर्षं आधी, २००४ मध्ये, डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी रेल्सची सुरुवातच तशी केली होती. त्यात भागाचं नावच ‘ॲक्शनकंट्रोलर’. रुबी भाषेत इंटरफेस असा शब्दच नाही. रिवाज आहे. कंट्रोलरमधली प्रत्येक सार्वजनिक मेथड म्हणजे ॲक्शन. कामाचा वेग असा वाढला की जावावाले बघत राहिले. पण रिवाजाची किंमत असते. जुन्या रेल्समध्ये, पत्त्यांची ठरावीक सोय तशीच ठेवली तर, एखादी मदतीची मेथड ‘खासगी’ करायची राहिली की ती बाहेरून पत्ता टाकून चालवता यायची. दाराला कडी लावायची राहिली एवढंच. ज्या घरात प्रत्येक खोली रस्त्यावर उघडते, तिथे कोणती खोली लोकांसाठी आहे हे लिहून ठेवलेलं बरं, असं आमचं मत. तरुण मंडळींना हे जुनाट वाटतं. असो.

पीएचपीच्या जगानं २०१८ मध्ये उशिरा का होईना एक करार सर्वांसाठी मिळून केला, पीएसआर-१५ नावाचा. एक मेथड: मागणी घ्या, उत्तर द्या. उत्तर दिलंच पाहिजे. ठीक.

आता मूळ दुखण्याकडे. कंट्रोलरनं नकार द्यायचा असेल तर वेबच्या भाषेत आकडे आहेत. ४०४, सापडले नाही. ४०३, परवानगी नाही. ५००, आमच्याकडेच बिघाड. एचटीटीपीच्या १९९९ च्या दस्तऐवजात ४०३ बद्दल जे म्हटलं आहे त्याचा आशय असा: नकाराचं कारण जाहीर करण्याची सर्व्हरची इच्छा असेल तर त्यानं ते सांगावं; आणि इच्छा नसेल तर ४०३ ऐवजी ४०४ म्हणायलाही हरकत नाही. म्हणजे ‘परवानगी नाही’ असं म्हणण्याऐवजी ‘असं काही इथं नाहीच’ म्हणावं. वाड्यातल्या कारकुनानं “साहेब घरी नाहीत” म्हणावं तसं. खोटं बोलण्याची अशी लेखी मुभा आम्ही अन्य कुठल्या तांत्रिक कागदात पाहिली नाही.

कारण नीट सांगायचा नमुना आला तो थेट मार्च २०१६ मध्ये, आरएफसी ७८०७ या नावानं. त्यात नकारालाच आकार दिला: प्रकार कोणता, मथळा काय, आकडा किती, याच वेळी नेमकं काय झालं, आणि या घटनेची ओळख काय. २०२३ मध्ये तो सुधारून पुन्हा निघाला. कंट्रोलरच्या पहिल्या टिपणापासून सदतीस वर्षांनी.

आणि गंमत बघा, आपल्या विधिमंडळानं वर्षभर आधीच हे केलं होतं. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. अधिसूचित सेवेचा अर्ज आला तर पदनिर्देशित अधिकाऱ्यानं ठरल्या मुदतीत सेवा द्यायची, किंवा कारणं लेखी नोंदवून अर्ज फेटाळायचा. आणि अपील किती दिवसांत, कुणाकडे करायचं तेही कळवायचं. हा इंटरफेस नाही तर काय आहे? दोनच परतावे: सेवा, किंवा कारणासह नकार. ‘काहीतरी चूक झाली आहे’ हा तिसरा परतावा कायद्यात नाही. पण तो संकेतस्थळांवर असतो, कारण कायदा लिहिणारे आणि कंट्रोलर लिहिणारे एका टेबलावर बसलेले नसतात.

तुम्ही औंढ्याचे लोक, तुम्हाला नामदेवांची कथा आम्ही काय सांगावी. देवळापुढं कीर्तन चाललं होतं, पुजाऱ्यांनी सांगितलं, इथं नको, मागं जा. नामदेव मागं गेले, देऊळ फिरलं, नंदी मागे राहिला. कथेवर विश्वास ठेवा न ठेवा. पण त्या नकाराला तोंड होतं. सांगणारा समोर उभा होता, त्याला विचारता येत होतं, आणि “मागं जा” हा पर्यायही त्यानं दिला होता. आमच्या पडद्यावरच्या वाक्याला ना तोंड, ना मागची बाजू.

आता इथून काही किलोमीटरवर, आपल्याच तालुक्यात दुधाळ्याला, लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहते आहे. केंद्रानं २०१६ च्या फेब्रुवारीत तत्त्वतः मान्यता दिली, २०२३ च्या एप्रिलमध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्यात लेझर, आणि टोकाला आरसे. गुरुत्वीय लहर आली तर भुजांच्या लांबीत अणूच्या केंद्रातल्या प्रोटॉनपेक्षाही कितीतरी सूक्ष्म फरक पडतो, तो मोजायचा. अशी दोन यंत्रं अमेरिकेत चालू आहेत, आणि त्यांना ताब्यात ठेवायला ‘गार्डियन’ नावाचं सॉफ्टवेअर आहे, पायथॉन भाषेतलं. हे वेब नव्हे, आधीच सांगतो. पण कंट्रोलरच्या कराराचं याहून स्वच्छ उदाहरण आम्हाला सापडलं नाही.

गार्डियनमध्ये यंत्राची प्रत्येक अवस्था हा एक क्लास. प्रत्येकात दोन मेथड. ‘मेन’ अवस्थेत शिरताना एकदा चालते. ‘रन’ सेकंदाला १६ वेळा पुन्हा पुन्हा चालते. ‘रन’नं ‘झालं’ म्हटलं की पुढच्या अवस्थेला रस्ता मोकळा. काहीच म्हटलं नाही तर थांबा, अजून चालू आहे. आणि एखाद्या अवस्थेचं नाव परत दिलं तर उडी मारून तिकडं जा. आरशांचा मेळ सुटला की यंत्र ‘लॉकलॉस’ नावाच्या अवस्थेत जातं, तिथून ‘डाउन’ मध्ये, आणि पुन्हा पायरी पायरीनं वर चढतं. हा मेळ कधी दूरच्या भूकंपानंही सुटतो, आणि त्याची लाज कुणी बाळगत नाही. फसण्याला नाव आहे, घर आहे, आणि तिथून परतीची वाट आहे. यंत्र कुठे अडकलं आहे हे नियंत्रण कक्षात बसलेल्या माणसाला पडद्यावर दिसतं. रीनस्कॉग यांना जहाजांच्या नियोजनात हवं होतं ते हेच.

आम्ही हे सगळं त्या सेतूवाल्या मुलाला उत्साहानं सांगितलं. तो आपल्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात एक फ्रेमवर्क लिहीत होता. त्यानं त्यातला ॲक्शनचा इंटरफेस आमच्यासमोर बदलला. मेथड एकच, ‘चालव’. परताव्याचे प्रकार तीन: पूर्ण, प्रश्न, नकार. आणि ‘नकार’ हा क्लास असा लिहिला की कारण आणि पुढची वाट दिल्याशिवाय तो ऑब्जेक्ट तयारच होत नाही. रिकामा नकार दिला तर प्रोग्रॅम कंपाइलच होणार नाही. आम्ही खूश झालो.

दोन दिवसांनी तोच म्हणाला, “सर, एक अडचण आहे. खरं कारण सांगितलं की चोरालाही कळतं. पासवर्ड चुकला असं सांगितलं तर त्याला समजतं की नाव बरोबर आहे.” बरोबर आहे त्याचं. बँकांची पानं ‘नाव किंवा पासवर्ड चुकीचा’ असं मोघम बोलतात ते म्हणूनच. १९९९ च्या त्या दस्तऐवजानं ४०४ म्हणायची मुभा दिली, त्यामागेही हीच भीती होती. आम्ही मघाशी त्याला खोटं म्हणालो ते थोडं घाईचं झालं. मग आम्ही दोघांनी बसून असं केलं: नकारात दोन कारणं. एक नागरिकासाठी, एक दप्तरासाठी. दोन्हींना जोडणारा एक क्रमांक, जो नागरिकाला दिसतो. क्रमांक घेऊन माणूस खिडकीवर जाईल आणि खिडकीवरचा माणूस ओळख पटवून दप्तरातलं कारण वाचून दाखवेल. खिडकीवर माणूस बसलेला असेल, हे गृहीत धरून.

आमच्या दाखल्याचं विचाराल तर, त्या मुलानं खटपट करून शोधलं की बँकेच्या नोंदीत आमच्या आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग एक आहे आणि पेन्शनच्या नोंदीत दुसरं. आम्ही दोन्हीकडे अर्ज दिले. जानेवारीत पेन्शन जमा झाली. कोणत्या नोंदीत काय दुरुस्त झालं, हे अजून कुणी कळवलेलं नाही. येत्या नोव्हेंबरात बटण पुन्हा दाबायचं आहे.

आता तुमचे प्रश्न घेऊ.